आधी कोण संपतं, ते शोधा

उत्तरपत्रिका तपासताना एक चूक मला वर्षानुवर्षं दिसते. दोन अभिक्रियाकारकांची वजनं दिली, की मुलं कमी ग्रॅमवालाच लिमिटिंग रिएजंट, म्हणजे आधी संपून अभिक्रिया थांबवणारा, धरून मोकळी होतात. पण अभिक्रियेत हिशेब चालतो तो कणांच्या संख्येचा. म्हणून पहिलं काम एकच, ग्रॅमचे मोल करा; मोल म्हणजे कण मोजायचं एकक.

मी नेहमी थर्माइटचं उदाहरण घेते. रेल्वेचे रूळ जोडायला ही अभिक्रिया वापरतात. संतुलित समीकरण असं:

२ ॲल्युमिनियम + १ आयर्न ऑक्साइड → १ ॲल्युमिनियम ऑक्साइड + २ लोखंड

समजा, ५४ ग्रॅम ॲल्युमिनियम आणि २४० ग्रॅम आयर्न ऑक्साइड घेतलं. मोलर वस्तुमानं, म्हणजे एका मोलचं ग्रॅममधलं वजन, अनुक्रमे २७ आणि १६०. भागाकार केला, की २ मोल आणि १.५ मोल.

इथे घाई करू नका. १.५ लहान म्हणून ऑक्साइड आधी संपेल असं वाटतं, आणि हुशार मुलंही इथेच घसरतात. प्रत्येक मोलसंख्येला समीकरणातल्या तिच्या सहगुणकानं, म्हणजे त्या पदार्थाच्या नावाआधीच्या आकड्यानं, भागा: ॲल्युमिनियम २ ÷ २ = १, ऑक्साइड १.५ ÷ १ = १.५. लहान आकडा ॲल्युमिनियमचा, म्हणजे तेच आधी संपणार.

नुसते ग्रॅम पाहणाऱ्यालाही इथे ॲल्युमिनियमच मिळालं असतं, पण ते योगायोगानं. ऑक्साइड १२० ग्रॅम घेऊन बघा. ते ०.७५ मोल भरतं, आणि वजनानं दुपटीहून जास्त असूनही आधी तेच संपतं. योगायोगानं बरोबर आलेल्या उत्तराची मला जास्त काळजी वाटते, कारण चुकीची रीत तशीच पक्की होते.

पुढचं सोपं आहे. २ मोल ॲल्युमिनियमपासून २ मोल लोखंड, लोखंडाचं मोलर वस्तुमान ५६, म्हणजे २ × ५६ = ११२ ग्रॅम. उरलेल्या ऑक्साइडचा इथे संबंध नाही.

आता पडताळा, तो मी कधीच सोडू देत नाही. ॲल्युमिनियम ऑक्साइड १ मोल, १०२ ग्रॅम. आयर्न ऑक्साइड १ मोल वापरलं गेलं, म्हणून अर्धा मोल, ८० ग्रॅम, उरलं. ११२ + १०२ + ८० = २९४. सुरुवातीला ५४ + २४०, तेही २९४. बेरीज जुळली नाही, तर आधी सहगुणकानं भागलं होतं का ते पाहा.