दगडी साकवाची दुरुस्ती : आधी पाया, मग दरजा

दगडी साकव वरून खचलेला दिसला तरी दुखणं बहुधा खाली असतं. पुराचं पाणी खांबाच्या पायाखालची माती ओढून नेतं आणि वरच्या कमानीला तडे जातात. म्हणून नुसते तडे बुजवू नका. पाणी उतरलं की लोखंडी सळई पायाखाली खुपसून पोकळी किती आत गेली ते मोजा.

मुंबईत हे काम नोव्हेंबर ते एप्रिलमध्येच उरकावं. पात्रात उतरायला महापालिकेची परवानगी लागते, राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत वन खात्याचीही.

वाळूच्या गोण्यांचा बांध घालून पाणी वळवा. पोकळी एका वेळी मीटरभरच मोकळी करून भरा, शेजारचा भाग लगेच उघडू नका. सगळा पाया एकदम उघडला तर खांबच बसतो.

दगडांच्या फटीत उगवलेलं पिंपळाचं झाड ओढून काढायचा मोह टाळा. मुळांबरोबर दगड येतात. खोड कापा, दगडांवर खडूने आकडे घाला, फोटो काढा आणि मूळ निघेपर्यंतच दगड उतरवा. कमानीतला एकही दगड हलवायचा असेल तर आधी खालून लाकडी ढोला, म्हणजे कमानीला आधार देणारा साचा, हवाच.

दरजांतलं, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांतलं, जुनं सिमेंट टाकी-हातोडीने काढा, ग्राइंडरने दगडाच्या कडा उडतात. खोली दरजेच्या रुंदीच्या दुप्पट, निदान 25 मिलिमीटर. सिमेंट पुन्हा भरू नका : ते आतलं पाणी अडवतं. त्या ओलीत काळा दगड टिकतो, पण पिवळसर मालाड दगडाचे पापुद्रे सुटतात.

दरजा चुन्याने भरायच्या. कळीचा (न विरवलेला) चुना पाण्यात टाका, चुन्यावर पाणी ओतू नका. उकळी फुटते, डोळ्यांना चष्मा हवा. महिनाभर पाण्याखाली मुरू द्या. मग मापाने 1 भाग चुना, 1 भाग सुरखी (विटांची भुकटी), 2 भाग धुतलेली वाळू. खाडीची वाळू नको आणि भरतीचं पाणी येतं तिथलं नदीचं पाणीही नको, मिठाने पांढरे डाग पडून दरज भुसभुशीत होते. सुरखी कमी भाजलेल्या विटांची घ्या, जास्त भाजलेली चुन्याशी नीट जुळत नाही.

दरज ओली करून 10-12 मिलिमीटरच्या थरांत दाबून भरा. वर ओलं गोणपाट, निदान 14 दिवस. एप्रिलच्या उन्हात एक दिवस जरी सुकलं तरी केसासारख्या चिरा पडतात आणि थर उकरून पुन्हा भरावा लागतो.

वरच्या फरशीवर काँक्रीट ओतायचा आग्रह कोणी धरला तर ठाम नकार द्या. वजन वाढतं, पाणी कमानीच्या पोटात साठतं. फरशीला दोन्ही बाजूंना उतार द्या आणि कठड्याच्या तळाशी पन्हळी मोकळ्या ठेवा. शेवटी उरलेल्या तड्यांवर काचेची पट्टी प्लास्टरने चिकटवून तारीख लिहा. पावसाळ्यानंतर ती फुटलेली दिसली तर पाया अजून हलतोय.