हायब्रिडची बॅटरी बदलायला घेण्याआधी

२०१३ ची सेकंडहँड कॅम्री हायब्रिड असो की त्याआधीची प्रियस, हायब्रिड सिस्टीम तपासण्याचा इशारा पेटला की आपल्या भागात थेट बॅटरी बदलण्याचा सल्ला मिळतो. आधी गाडीतला दोष वाचणारा स्कॅनर लावून त्यावर आलेला कोड लिहून घ्या. पी०ए८०, म्हणजे हायब्रिड बॅटरी पॅक बदला असं सांगणारा कोड, आला तरी मागच्या सीटजवळची हवेची जाळी उघडून पंखा पाहा. या बॅटरीला केबिनमधलीच हवा थंड करते आणि कापसाच्या दिवसांत रुईचे तंतू, उन्हाळाभर धूळ तिथेच जाऊन बसते. पंखा तसाच ठेवून नवा पॅक बसवला तर तोही लवकर जाईल. १२ व्होल्टची छोटी बॅटरीही तपासा. ती उतरली की भलतेच इशारे येतात.

पॅक मागवताना मॉडेल, वर्ष आणि चासी नंबर द्या, वॉरंटी लेखी घ्या आणि जुना पॅक परत नेण्याचं त्याच बिलावर लिहून घ्या. तो भंगारात जाऊ देऊ नका. फक्त कमजोर मॉड्यूल (पॅकमधल्या सुट्या छोट्या बॅटऱ्या) बदलून देतो म्हणणारे भेटतील, स्वस्तही पडेल. मी तो मार्ग सुचवणार नाही. प्रियसच्या २८ मॉड्यूलपैकी दोन नवी टाकली तरी उरलेली २६ तेवढीच जुनी आणि अकोल्याच्या ४५ अंशांत तेवढीच तापलेली असतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. प्रियसचा पॅक २०१.६ व्होल्टचा आहे, तोही डीसी. शेतातल्या मोटरींची कामं करणारा गावचा वायरमन कितीही हुशार असला तरी त्याच्या खिशातला टेस्टर इथे फसवतो. पॅकचा गाडीच्या बॉडीशी संबंध नसतो, म्हणून जिवंत तारेवरही टेस्टर पेटणार नाही. १००० व्होल्ट डीसी मोजणारा मल्टिमीटरच हवा. फवारणीचे हातमोजे चालणार नाहीत. १००० व्होल्टसाठी प्रमाणित रबरी मोजे घ्या आणि घालण्याआधी मनगटाकडून गुंडाळून हवा कुठून सुटते का ते पाहा. अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा.

गाडी बंद करून चावी दूर ठेवायची, १२ व्होल्टचं निगेटिव्ह टर्मिनल सोडायचं, मग मोजे घालून पॅकची वीज तोडणारा नारिंगी सर्व्हिस प्लग काढायचा आणि काम करणाऱ्याने तो स्वतःच्याच खिशात ठेवायचा. त्यानंतर गाडीच्या इन्व्हर्टरमधले (पॅकचा डीसी मोटरसाठी एसी करणारा भाग) वीज साठवणारे कपॅसिटर उतरायला दहा मिनिटं थांबा, मीटर लावून शून्य पाहा, मगच नारिंगी केबलला हात लावा. प्लग काढल्यावरही मॉड्यूलमध्ये वीज असतेच, तेव्हा पॅकचं झाकण उघडलं तरी मोजे उतरवू नका.

ज्याने हे काम केलेलं आहे असा मेकॅनिक नागपूर-अमरावतीहून बोलावता आला तर त्याचं भाडं खुशाल द्या. सोबत दुसरा माणूस हवाच, पॅक उचलायला आणि वेळ पडली तर मदतीला. डिकीचं कुलूप विजेवर चालत असेल तर १२ व्होल्ट सोडल्यावर ती लावू नका. नट आवळायला टॉर्क रेंच आणून ठेवा.