वेस्टर्न प्लेझरचा कोवळा घोडा मोठ्या रिंगणात उतरवताना

अमेरिकेतील ओहायो राज्याच्या कोलंबस शहरात दर वर्षी ऑक्टोबर महिन्यात ‘ऑल अमेरिकन क्वार्टर हॉर्स काँग्रेस’ भरते. 1967 साली सुरू झालेला हा मेळावा एकाच जातीच्या घोड्यांचा जगातील सर्वांत मोठा मानला जातो, आणि दोन-तीन वर्षांचा घोडा वेस्टर्न प्लेझर या प्रकारात तिथे उतरवणे ही घोड्यापेक्षा स्वाराच्या संयमाची परीक्षा असते. या प्रकारात अडथळे नसतात आणि वेळही मोजली जात नाही. अनेक घोडे एकाच वेळी कठड्यालगत फिरत पंचांच्या सूचनेप्रमाणे साधी चाल, जॉग म्हणजे संथ दुडकी आणि लोप म्हणजे संथ दौड दाखवतात, दिशा बदलून तेच पुन्हा करतात आणि शेवटी मागे सरकून स्थिर उभे राहतात. सारंगखेड्याच्या यात्रेत रेवाल चालीचे घोडे पाहिलेल्या वाचकाला यातले मर्म चटकन कळेल. स्वाराच्या अंगाला हिसका बसू नये ही अपेक्षा दोन्हीकडे सारखीच, पण तिथे वेग दाखवायचा असतो आणि इथे सैल लगामावरचा संथपणा.

अशा स्पर्धेच्या जागी घोड्याला नवीन काही शिकवता येत नाही. घरी जे त्याच्या अंगी मुरले आहे ते विस्कटू न देणे एवढेच तिथे स्वाराच्या हाती उरते, म्हणून खरी तयारी काही महिने आधी, आणि तीही बेताने, व्हायला हवी. दोन वर्षांच्या घोड्याचा सांगाडा पूर्ण घडलेला नसतो. गुडघ्याच्या वरचे हाड साधारण अडीच वर्षांपर्यंत वाढत असते आणि पाठीच्या मणक्यांची वाढ तर पाच-सहा वर्षांपर्यंत चालते. त्यामुळे रोज तासभर गोल गोल दौडवण्यापेक्षा थोडा वेळ, पण मन लावून काम घ्यावे आणि अधूनमधून त्याला कुरणात मोकळे सोडावे.

तोंडाची तपासणी बहुतेक जण उशिरा करतात. वसंतात जन्मलेला घोडा दोन वर्षांचा झाल्यानंतरच्या ऑक्टोबरात अडीच वर्षांचा होतो, आणि नेमक्या त्याच सुमारास त्याचे पुढचे दुधाचे दात पडू लागतात व दाढांवरची दुधाची टोपणेही सैल होतात. एरवी गुणी असलेला घोडा अचानक मान झटकू लागला, जबडा चावत राहिला किंवा एका बाजूला वळायला कुरकुरू लागला, तर लगाम ओढून त्याला शिस्त लावण्याआधी घोड्यांच्या दंतवैद्याला दाखवावे. दाढांच्या पुढे येणारे छोटे ‘वुल्फ टीथ’ असतील तर तेही लगाम चढवण्यापूर्वीच काढून घेतलेले बरे.

नियमांचे म्हणाल तर, अमेरिकन क्वार्टर हॉर्स असोसिएशनच्या वर्गवारीत पाच वर्षांपर्यंतचा घोडा ‘ज्युनिअर’ धरला जातो आणि प्रत्येक घोड्याचे वय 1 जानेवारीला एका वर्षाने वाढते, मग तो प्रत्यक्षात केव्हाही जन्मलेला असो. ज्युनिअर घोड्याला स्नॅफल बिट (तोंडात बसणारी, दोन्ही बाजूंना कड्या असलेली सौम्य लगामी) किंवा बोसाल (लगामीऐवजी नाकावर बसणारा पट्टा) लावून दोन हातांनी चालवण्याची मुभा असते. कर्ब बिट, म्हणजे बाजूच्या दांड्यांमुळे तरफेसारखा दाब देणारी लगामी, लावले की मात्र एकच हात वापरावा लागतो. स्नॅफलच्या कड्यांचा व्यास 2 ते 4 इंच असावा लागतो, आणि साहित्य तपासणीत अशाच किरकोळ गोष्टींवर माणसे अडकतात. पोशाखाची फार चिंता करू नये. टोपी नीट बसलेली, चॅप्स म्हणजे पँटवर चढवायची चामडी पायघोळे स्वच्छ आणि स्पर्धक क्रमांक घट्ट लावलेला असला की पुरे.

आता चालीकडे वळू. लोप ही तीन ठोक्यांची चाल आहे. डाव्या लीडवर, म्हणजे डावा पुढचा पाय आघाडीवर ठेवून दौडताना, आधी उजवा मागचा पाय पडतो, मग डावा मागचा आणि उजवा पुढचा असे दोन्ही एकाच वेळी, आणि शेवटी डावा पुढचा. संथपणाच्या हव्यासापायी घोड्याला त्याच्या ताकदीपेक्षा हळू चालवले की ती एकत्र पडणारी जोडी फुटते, चौथा ठोका ऐकू येतो आणि पुढून दौड, मागून दुडकी असा विचित्र प्रकार दिसू लागतो. पंच त्यासाठी गुण कापतात. कानाचे टोक सतत खांद्याच्या उंचवट्याखाली जाईल इतकी मान खाली घातलेली असणे हाही दोषच आहे. माझ्या मते कोवळ्या घोड्याच्या बाबतीत शेजारच्या घोड्याहून किंचित जास्त वेग पत्करावा, पण ताल स्वच्छ ठेवावा. मागच्या पायांत बळ आल्यावर संथपणा आपोआप येतो, तो हाताने ओढून आणता येत नाही.

प्रवासासाठी पशुवैद्यकीय प्रमाणपत्र आणि कॉगिन्स चाचणीचा (घोड्यांच्या संसर्गजन्य रक्तक्षयासाठीच्या रक्तचाचणीचा) नकारात्मक अहवाल जवळ ठेवावा, वाटेत तीन-चार तासांनी थांबून पाणी दाखवावे, आणि घरचेच वाळलेले गवत बरोबर न्यावे. परक्या पाण्याची चव काही घोड्यांना रुचत नाही, म्हणून पहिल्या दिवशी पाणी किती पोटात गेले यावर लक्ष असू द्यावे. ऑक्टोबरापर्यंत दिवस लहान होत गेल्याने अंगावरचे केस वाढतात. ते आखूड राहावेत म्हणून बरेच जण आधीपासून तबेल्यात दिवसाचे सोळा तास उजेड ठेवतात आणि घोड्याच्या अंगावर झूल घालतात.

स्पर्धेच्या ठिकाणी सरावाचे रिंगण रात्री उशिरापर्यंत गजबजलेले असते. कोवळा घोडा तिथे सगळ्या दिशांनी येणाऱ्या घोड्यांनी भांबावतो, म्हणून पहिल्या फेऱ्या गर्दी ओसरल्यावर घ्याव्यात. शक्य असेल तेव्हा एखादा जुना, निवांत घोडा बाजूला चालत असू द्यावा. मुख्य रिंगणात फिरण्याची परवानगी मिळेल त्या वेळी लगाम न आवळता नुसते उभे राहावे, ध्वनिक्षेपकाची खरखर, कठड्यावरचे फलक, वरच्या बाकांवरची हालचाल हे सारे त्याला पाहू द्यावे, आणि त्याने सुस्कारा टाकून मान खाली केली की परत फिरावे. काही प्रशिक्षक घोडा शांत व्हावा म्हणून त्याला दोरीवर तासन्‌तास पळवतात. असा दमवलेला घोडा शांत दिसतो खरा, पण त्याच्या चालीतली उभारी गेलेली असते आणि दुसऱ्या दिवशी पायही दुखतात. हा प्रकार मला मुळीच पसंत नाही.

प्रत्यक्ष स्पर्धेची फेरी सुरू झाल्यावर पुढच्या घोड्यापासून किमान दोन घोड्यांच्या लांबीइतके अंतर राखावे. अंतर कमी होत असेल तर कोपऱ्यात खोलवर शिरून जागा मिळवावी, आणि पुढे जायचेच असेल तर आतल्या बाजूने, आधीपासून ठरवून जावे. ऐनवेळी बाजूला ओढलेला घोडा ताल हरवतो. ‘लोप’ अशी सूचना आली की लगेच टाच मारण्याचे कारण नाही. डावीकडे जाताना आधी श्वास सोडून खोगिरात खोल बसावे, घोड्याचे मागचे अंग किंचित आत येऊ द्यावे, आणि मग उजवा पाय जरासा मागे नेऊन हलका दाब द्यावा. दोन पावले उशिरा, पण योग्य लीडवर निघालेला घोडा, घाईत चुकीच्या लीडवर निघालेल्या घोड्यापेक्षा कितीतरी चांगला दिसतो. तो मध्येच उतावीळ झाला तर एका लगामाने हलकेच थोपवावे आणि लगेच हात पुढे सोडावा. सतत धरून ठेवलेल्या हाताला तो टेकू लागतो आणि सैल लगामाचा सारा देखावा कोसळतो. दिशा बदलताना कठड्याकडे पाठ करून आतल्या बाजूने वळायचे असते, आणि हे वळण लोप चालू असताना घ्यायचे नसते.

शेवटी ओळीत उभे असताना स्वार बहुधा सैलावतात, पण निकाल हाती येईपर्यंत पंचांचे लक्ष असतेच. मागे सरकवताना एका दमात ढकलण्याऐवजी एकेक पाऊल मागावे.

प्राथमिक फेरी आणि अंतिम फेरी यांत काही दिवसांचे अंतर असेल, तर त्या काळात दोष दुरुस्त करण्याचा मोह टाळावा. घोड्याला दोरी धरून पायी चालवावे, पाय थंड पाण्याने धुवावेत, खुरांचे नाल सैल झाले आहेत का ते पाहावे, आणि स्वारी केलीच तर तो ज्या गोष्टी उत्तम करतो त्या करून लवकर उतरावे. सगळी स्पर्धा आटोपून घरी परतल्यावर मात्र दोन वर्षांच्या घोड्याला काही आठवडे खोगिराशिवाय कुरणात राहू द्यावे.