काजव्यांचे फोटो: अंधारात कॅमेरा कसा लावावा

मे अखेर ते जूनच्या मध्यापर्यंत भंडारदरा परिसरात हिरडा, सादड्याची झाडं काजव्यांनी लखलखतात. उजेड असतानाच झाड हेरा, ट्रायपॉड रोवा, खोडावर फोकस करा आणि लेन्स मॅन्युअलवर टाका. अंधारात ऑटोफोकस नुसता मागेपुढे फिरतो, शटर पडतच नाही.

सुरुवात अ‍ॅपर्चर (लेन्सचं उघडं तोंड) एफ २.८, आयएसओ (सेन्सरची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) १६००, शटर उघडं २० सेकंद, फाइल रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली). शटर वाढवून काजवा उजळत नाही, कारण त्याची लुकलुक क्षणभराचीच. शटर वाढवलं की ठिपक्यांची संख्या वाढते आणि मागचं आभाळ उजळतं. ठिपके फिके वाटले तर आयएसओ ३२०० करा किंवा अ‍ॅपर्चर आणखी उघडा.

पाच मिनिटांचं एकच एक्स्पोजर नको. एखाद्या गाडीचा दिवा पडला की सगळं वाया जातं. त्यापेक्षा २० सेकंदांच्या १५ फ्रेम घ्या आणि फोटोशॉपमध्ये ‘लाइटन’ मोडने (प्रत्येक जागी सगळ्यात उजळ ठिपका ठेवणारा) एकावर एक चढवा. मोठं करून पाहा: काजव्याचा ठिपका हिरवट-पिवळा, कडेला मऊ; टोकदार लाल-निळा ठिपका म्हणजे तापलेल्या सेन्सरचा दोष, तो पुसा.

फ्लॅश आणि टॉर्च अजिबात नको. ती लुकलुक म्हणजे जोडीदाराला घातलेली साद असते, आपल्या उजेडात ती हरवते.