आधी उसवायला शिका

डीकन्स्ट्रक्शन, म्हणजे कपड्याची रचना उसवून, उघडी करून नव्याने मांडणं, शिकायला बेल्जियममधल्या अँटवर्पला येऊ पाहणाऱ्यांचे पोर्टफोलिओ अधूनमधून माझ्याकडे येतात. बहुतेकांत लोंबते दोरे, उलट्या शिवणी आणि कात्रीने पाडलेली भोकं. जपानी फॅशन डिझायनर रेई कावाकुबोच्या 1982 च्या गाजलेल्या स्वेटरची भोकं कात्रीची नव्हती. विणयंत्राचे स्क्रू सैल करून ती विणतानाच आली होती. एवढा फरक कळला तरी निम्मं काम झालं.

दुसरं उदाहरण इथल्याच कला अकादमीत शिकलेल्या डिझायनर मार्टिन मार्जिएलाचं. त्याने लष्करी मोज्यांचे स्वेटर केले. मोज्याच्या टाचेला मुळातच फुगीर आकार असतो. तो त्याने कोपरांवर आणि छातीवर बसवला. जुन्या वस्तूतला आकार शोधायचा आणि त्याला नवी जागा द्यायची, माझ्या मते हे या कामाचं मर्म. गोधडीत लुगडं विरून जातं, इथे मोजा मोजाच दिसला पाहिजे.

म्हणून आधी एक जुना पुरुषी कोट घ्या आणि तो न कापता पूर्ण उसवा. शक्यतो हाताने शिवलेला. कॅनव्हास, म्हणजे कोटाला आकार देणारं आतलं ताठ कापड, नुसता चिकटवलेला असेल तर अशा कोटातून फारसं शिकायला मिळत नाही. अस्तर काढलं की घोड्याच्या केसांचा कॅनव्हास दिसेल, त्यावर तिरके बारीक टाके. लेपल, म्हणजे कॉलरखाली छातीवर उलटणारी पट्टी, वळतं ते त्या टाक्यांमुळे, इस्त्रीमुळे नव्हे! बाही मुंढ्यापेक्षा मोठी का कापतात आणि ती चुण्या न पडता कशी बसवतात, हेही इथेच कळतं. प्रत्येक टप्प्याचा फोटो काढा, तुकड्यांवर उभा धागा खडूने दाखवा. मग कापड उजेडासमोर धरा. कोपरं झिजलेली असतील, तर तिथे ताण येईल असं काही बेतू नका. शिवणीत दडलेल्या पट्टीला मूळ रंग असतो. काहीजण सगळं रंगवून तो फरक घालवतात, मला ते पटत नाही.

तासांची नोंद ठेवा. मार्जिएलाच्या ‘आर्टिझनल’, म्हणजे हाताने घडवलेल्या, कपड्यांसोबत ते किती तासांत झाले हे सांगितलं जाई. किंमत सांगताना तुम्हालाही तोच आधार.

मुलाखतीत हमखास विचारतात, “असाच दुसरा करता येईल?” तंतोतंत नाही येणार. पण कोटाचा कुठला भाग कुठे जातो याचा आराखडा आणि वेगळ्या मापाच्या कोटावर केलेला दुसरा नमुना सोबत न्या.