पन्नाशीनंतर धंदा बदलताय? मी केलेल्या या चुका टाळा

तालुक्याच्या गावी माझी टायपिंग इन्स्टिट्यूट होती. बारा मशिनं, सकाळी सातपासून बॅचेस, परीक्षा जवळ आली की जिन्यात चपलांचा खच. गोदरेजने १९५५ साली टाइपरायटर बनवायला घेतले आणि २००९ मध्ये थांबवले. मी मात्र पुढेही कित्येक वर्षं शटर उघडत राहिलो. बंद केलं तेव्हा वय ५२. आता जुने मोडी कागद वाचून देतो. मधल्या काळात जे चुकलं ते सांगतो.

मुदतवाढीच्या भरवशावर राहणं

परीक्षा परिषदेने मॅन्युअल टायपिंगऐवजी संगणक टायपिंग आणायचं ठरवलं, तेव्हा जुन्या परीक्षेला मुदतवाढ मिळत गेली. आम्ही संस्थाचालक तेवढ्यावर खूश! विद्यार्थी किती उरले हे बघून काही कळत नाही. पुढच्या बॅचला वाढतील असं मन सांगत राहतं. त्यापेक्षा मेकॅनिककडे बघायचं होतं. आमचा मेकॅनिक आधी दर महिन्याला यायचा, मग निरोप धाडावा लागे, शेवटी तो एका मशिनचे पार्ट काढून दुसऱ्याला बसवायला लागला. तेव्हाच विकली असती तर मशिनं म्हणून गेली असती. पुढे किलोवर गेली.

शेजाऱ्याचा धंदा उचलणं

मी झेरॉक्सचं दुकान टाकलं, कारण एका ओळखीच्याचं जोरात चालत होतं. त्याचं दुकान तहसील कचेरीसमोर होतं, माझं गल्लीत. त्यासाठी विमा पॉलिसी मुदतीआधी मोडली, तो तोटा वेगळाच. बँकेत गेलो नाही, कारण 'या वयात आपल्याला कोण कर्ज देतंय' असं मीच ठरवून टाकलं होतं. प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाला १८ वर्षं पूर्ण असावी लागतात, वरची वयोमर्यादा नाही, हे मागाहून समजलं. अर्थात ती योजना मुख्यतः नव्या उद्योगाला आहे, आणि परतफेड कशी करणार हे बँक विचारतेच.

'मला फक्त टायपिंग येतं' असं म्हणणं

ही माझी सगळ्यात महागडी चूक. चोवीस वर्षं मी वकिलांची खरेदीखतं, मृत्युपत्रं, वाटणीपत्रं टाइप केली होती. सदरहू, चतुःसीमा, वहिवाट, निरंतर हे शब्द माझ्या रोजच्या वापरातले. मोडीच्या वर्गाला गेलो तेव्हा अक्षरं माझ्यापेक्षा कॉलेजच्या मुलींना लवकर लागली. पण मोडीत शब्द तोडून लिहिलेले नसतात, इकार बहुधा दीर्घच आणि उकार ऱ्हस्वच, त्यामुळे नुसती अक्षरं ओळखून भागत नाही. दस्तात मुली अडल्या की पुढे काय येणार हे माझ्या बोटांना ठाऊक असायचं. तुम्हीही कागद घ्या आणि धंद्याचं नाव न लिहिता रोज हातून काय काय व्हायचं तेवढंच लिहा.

मागच्या बाकावर बसणं

गावात मला सगळे 'सर' म्हणत. वर्गात तिशीच्या आतल्या बाई म्हणाल्या, "काका, पुढे या, फळा दिसत नसेल." कान तापले. दोन तास बुडवले. फी माझीच गेली.

तेजीवर वर्षाचा हिशेब मांडणं

सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली, कुणबी नोंदी शोधायला सुरुवात झाली आणि मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला. एका महिन्याच्या कमाईला मी बारानं गुणलं आणि स्कूटर घेतली. पुढे काम ओसरलं, हप्ते राहिले. आता घराण्यांचे कागद, वकिलांची अधूनमधून कामं आणि संध्याकाळी दोन मुलांना युनिकोड मराठी टायपिंग, असं जुळवतो.

एक अजून. कागद हातात घेतल्याशिवाय दर सांगू नका, मोबाइलवरच्या फोटोवरून तर नाहीच. मागे एक 'अर्ध्या पानाचं काम' घेतलं होतं. घसटीचं, म्हणजे भरभर ओढत लिहिलेलं अक्षर, घडीवर कसरीनं खाल्लेलं. सकाळी बसलो तो दुपारी जेवायलाच उठलो. पैसे अर्ध्या पानाचेच मिळाले.