विजापूरला निघताय? आधी वार बघा

पहिलं काम म्हणजे कॅलेंडर उघडून शुक्रवारावर काट मारायची. गोलघुमटासमोरच्या नगारखान्यात पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे, ते शुक्रवारी बंद असतं. शिवाय जामा मशिदीत दुपारी जुम्म्याची नमाज असते, तेव्हा आपण मध्ये घुटमळत राहणं बरं दिसत नाही. शनिवार-रविवारही जमलं तर सोडा. डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहली येतात, आणि चाळीस पोरं एकदम घुमटात ओरडली की काय होतं ते पुढे सांगतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा हंगाम चांगला. संक्रांतीच्या आसपास मात्र गावात सिद्धेश्वराची जत्रा भरते. ती बघायची असेल तर उत्तमच, नाहीतर लॉजच्या खोलीसाठी वणवण ठरलेली. मार्च लागला की दगड तापायला लागतो आणि अकरानंतर फिरण्यात राम उरत नाही.

दुसरं काम नावाचं. आपण विजापूर म्हणतो, पण २०१४ पासून सरकारी नाव विजयपुर आहे, आणि कर्नाटकाच्या एसटीवर ते बहुतेक कन्नड लिपीतच असतं. निघायच्या आधी त्या अक्षरांचा फोटो मोबाइलमध्ये घेऊन ठेवा, म्हणजे सोलापूरच्या स्टँडवर बस ओळखता येते. हवामान बघताना, खोली बुक करताना राज्याचं नावही तपासा, कारण छत्तीसगडातही एक विजापूर आहे. मागच्या वेळी मी आठवडाभर रोज हवामान बघत होतो, पाऊस दिसला म्हणून तीन छत्र्या भरल्या, आणि गाडीत बसल्यावर कळलं की तो पाऊस बस्तरातला! छत्र्या उन्हाला उपयोगी पडल्या ते सोडा.

सोलापूरहून अंतर शंभरेक किलोमीटर. मुंबईहून पुणे-सोलापूरमार्गे थेट रेल्वेही आहे. पण आपल्याकडची खरी चूक गाडीची नसते, हिशेबाची असते. अक्कलकोट झालं, गाणगापूर झालं, आता दोन तास आहेत तर गोलघुमट करून टाकू, असा बेत ठरतो. दोन तासांत घुमट होतो, विजापूर होत नाही. १४९० ते १६८६, जवळजवळ दोनशे वर्षं आदिलशाहीची राजधानी असलेलं हे शहर आहे. दोन रात्री राहा. एका रात्रीचं जमत असेल तर आदल्या संध्याकाळीच पोचा, कारण सगळा खेळ सकाळी सहाचा आहे.

थोडा अभ्यास लागेल, पण चारच सुलतान पाठ करा. पहिला अली: शहराचा तट, गगनमहाल, जामा मशीद आणि चांद बावडी, म्हणजे मोठी विहीर. दुसरा इब्राहिम: संगीतवेडा माणूस, इब्राहिम रोजा ही त्याच्या कबरीची इमारत. महंमद: गोलघुमटात कबर त्याची, आणि १६३६ नंतर शहाजीराजे ज्याच्या चाकरीत होते तोही हाच. दुसरा अली: याच्याच कारकिर्दीत १६५९ साली अफझलखान इथून निघाला. प्रतापगडाची गोष्ट आपण सगळ्यांनी त्या टोकाकडून ऐकलेली असते, इथे ती या टोकाकडून सुरू होते. गावाबाहेर साठ कबर नावाची जागा दाखवतात. खानाने निघण्यापूर्वी आपल्या बायका मारल्या अशी दंतकथा आहे. खरंखोटं कोणी सांगू शकत नाही, पण एकसारख्या कबरींच्या त्या रांगा बघून बोलणं थांबतं हे खरं.

आता पिशवी. जाड मोजे सगळ्यात आधी. घुमटात चपला-बूट बाहेर काढावे लागतात, पहाटे फरशी गार आणि दुपारी बाहेरचा चौथरा तवा, दोन्हीला मोजे पुरतात. छोटी बॅटरी घ्या, कारण घुमटाच्या चार कोपऱ्यांना सात-सात मजली मनोरे आहेत आणि वरच्या सज्जात जायचा जिना या मनोऱ्यांच्या पोटातून जातो. पायऱ्या उंच, वाट अरुंद, काही वळणांवर उजेड कमी. गुडघेदुखी असलेल्यांना घरीच स्पष्ट सांगून टाका. माझी आत्या ‘बघू की तिथे गेल्यावर’ म्हणाली आणि चौथ्या मजल्यावर पायरीवर बसली, वरून उतरणाऱ्यांना वाट द्यायलाही जागा नव्हती. प्रत्येक मजल्यावर कमानीशी दम खात शेवटी ती वर पोचली, पण अर्धा तास त्यात गेला. पाण्याची बाटली एकीच्या जागी दोन. नोटा सुट्ट्या ठेवा. पोरांची पिपाणी, शिट्टी, ब्लूटूथ स्पीकर असलं काही घरीच.

त्याचं कारण सज्जात गेल्यावर कळतं. घुमटाचा आतला व्यास सुमारे ३८ मीटर, मध्ये एकही खांब नाही. खालचा चौक चौरस आणि वरचा घुमट गोल, त्यांचा सांधा एकमेकींना छेदणाऱ्या कमानींनी बसवलाय. खालून मान वर करून त्या कमानी नीट बघा, बहुतेक जण आवाजाच्या नादात हे विसरतात. आवाजाचं म्हणाल तर भिंतीला तोंड लावून कुजबुजलं की समोरच्या टोकाला भिंतीपाशी बसलेल्याला ऐकू जातं, आणि एका टाळीच्या अनेक टाळ्या होऊन परत येतात. गाइड कागद फाडून, घड्याळ लावून दाखवतात. आम्हाला कुणी दाखवावं लागलं नाही. पावणेसातला वर आम्ही चौघंच होतो. मी समोर जाऊन भिंतीला टेकलो आणि कानाशी कुरकुर कुरकुर ऐकू आली. आत्या पलीकडे, इतक्या लांब की चेहरा ओळखू येईना, खडीसाखरेची पुडी सोडत होती. ‘मला पण दे,’ मी भिंतीला म्हणालो. पलीकडून हसू आलं, एकदा नाही, कितीदा तरी.

साडेआठला पहिली सहल आली. त्यानंतर जे झालं त्याला आवाज म्हणता येणार नाही, डोक्यावर पत्रे ओतल्यासारखं वाटत होतं. म्हणून सहा म्हणजे सहा. रिक्षावाल्याला रात्रीच सांगून ठेवा, गजर दोन मोबाइलवर लावा. संग्रहालय नंतर उघडतं, तोवर खाली उतरून नाश्ता उरकून घ्या.

बाकीचा क्रम असा लावा की ऊन चढेल तसं सावलीत जाता येईल. नाश्ता आणि संग्रहालय झाल्यावर जामा मशीद. औरंगजेबाने तिथल्या फरशीवर नमाजासाठी २,२५० चौकटी आखून घेतल्या, त्या आजही दिसतात. दुपारी खानावळ आणि झोप, यात कमीपणा मानू नका. चारनंतर पश्चिमेला मुलुख मैदान तोफ. अहमदनगरला १५४९ साली ओतलेली, परांड्याच्या किल्ल्यातून इथे आणलेली, वजन ५५ टनांच्या घरात. तोंडाशी जबडा वासलेला सिंह आहे आणि त्याच्या दातांत हत्ती. इंग्रजांनी १८५४ मध्ये ती लिलावात काढली तेव्हा बोली आली दीडशे रुपयांची, म्हणून विक्री रद्द झाली. तिथे सावली नाही, टोपी लागेल. जवळच उपली बुरूज आहे, बाहेरून गोल पायऱ्या आहेत. आत्यांना खाली बसवून तुम्ही चढा, सगळं शहर दिसतं.

इब्राहिम रोजा शेवटी आणि निवांत ठेवा, दीड तास तरी. मला विचाराल तर गोलघुमटापेक्षा हाच सरस. घुमट दिपवतो, रोजा जवळ बोलावतो. दगडी जाळ्यांमध्ये अक्षरं कोरलीत आणि अक्षरांमधल्या फटींतून उजेड आत येतो. इब्राहिमाची बेगम ताज सुलताना आणि १६२७ मध्ये गेलेला तो स्वतः, दोघंही इथेच आहेत. फोटोसाठी मोबाइलची बॅटरी इथपर्यंत उरली पाहिजे, तेव्हा पॉवर बँक विसरू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी बारा कमान, गगनमहाल आणि ताज बावडी. बावडीचं पाणी कधी कसं असेल सांगता येत नाही, नाकाला रुमाल जवळ असू द्या.

भाषेची काळजी नको. हिंदी, दख्खनी, बऱ्याच ठिकाणी मराठीही चालते. तरी ‘ऊट’ म्हणजे जेवण, ‘नीरु’ म्हणजे पाणी आणि ‘साकु’ म्हणजे पुरे, एवढे तीन शब्द पाठ करा. तिसरा सगळ्यात महत्त्वाचा, कारण खानावळीत वाढणारा थांबत नाही. ज्वारीची रोट्टी, एणगाई म्हणजे भरलेली वांगी, शेंगाचटणी, दही. आदल्या रात्री हलकं जेवून ठेवा.

येतानासाठी एक रिकामी पिशवी आणि एक चपटा पत्र्याचा डबा न्या. पिशवी बेदाण्यांसाठी, हा सगळा द्राक्षांचा मुलुख आहे. डबा कडक रोट्ट्यांसाठी. मी पहिल्यांदा त्या कागदात बांधून बॅगेत तळाशी ठेवल्या होत्या, घरी चुरा पोचला. तो आम्ही फोडणीला टाकला.